वेळ साधण्याचा खेळ

कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती फारशी चुकीचीही नसते. त्यामुळे यंदाच्या वसंतातल्या व्याख्यानांत आम्ही मुलांच्या एका खेळावर बोलणार, हे कळताच पुष्कळांनी आम्हांला विचारले, की ही बुद्धी तुम्हांला झाली कशी? त्याचे उत्तर या व्याख्यानात पुढे येईलच. आरंभी एवढेच सांगतो, की या खेळाने आम्हांला एक जुनी चूक दाखवून दिली. ती चूक आमच्या हातून झाली होती आणि तिच्यावर आमची सही होती.

लोहारा हे आमचे गाव. यवतमाळ शहराला लागून असलेले. एका अंगाला कापसाची शेते, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, आणि मध्ये पाळीवर जाणाऱ्या-येणाऱ्यांची घरे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही जे सांगू ते पंडिताचे सांगणे नव्हे. वाचले, पाहिले, आणि जेथे शक्य होते तेथे कागदावर हिशेब मांडून पडताळले, इतकेच.

गेल्या दिवाळीत शेजारच्या घरी फराळाला गेलो होतो. टीव्हीपुढे चार पोरे बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात बटनांचे एक यंत्र होते. पडद्यावर चार बाहुल्या ओळीने उभ्या, आणि त्यांच्याभोवती एक जळती दोरी गरगर फिरते आहे. दोरी पायाशी आली की बटन दाबायचे, म्हणजे आपली बाहुली उडी मारते. चुकला त्याला दोरी लागते आणि तो बाद. शेवटी उरेल तो जिंकला. दोरीचा वेग मात्र आरंभी असतो तसा राहत नाही, तो वाढत जातो.

“काका, या न, एक डाव खेळा,” पोरे म्हणाली. आम्ही बसलो आणि तिसऱ्याच उडीला बाद झालो. दुसऱ्या डावात दुसऱ्या उडीला. पोरे हसू लागली. तेव्हा त्यांतली दहा-एक वर्षांची मुलगी आम्हांला समजावू लागली, “काका, तुमी दोरी जवळ आलेली पाहून मंग बटन दाबता. दोरीकडं नोका पाहू. मोजा!”

आम्ही मोजू लागलो. पुढच्या डावात बारा उड्या झाल्या. घरी परत येताना मात्र तिचे ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. दोरी चुकवायची आणि दोरीकडे पाहायचे नाही, हे कसे?

प्रथम या खेळाची ओळख करून देतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘मारिओ पार्टी’ हा खेळ १९९८ साली प्रथम निघाला. आपल्याकडच्या सापशिडीसारखा त्यात एक पट असतो. चौघांनी फासा टाकून पटावर पुढे जायचे, आणि सर्वांची एकेक खेळी झाली की मध्ये एक छोटा खेळ खेळायचा. हे छोटे खेळ मिनिटाभराचे, आणि नियम असे की पाहुणा आलेला माणूसही क्षणात समजून घेईल. जळत्या दोरीचा खेळ हा त्यांतलाच एक. त्यात बुद्धिबळासारखी चाल नाही की कुस्तीसारखे बळ नाही. एकच बटन, आणि ते केव्हा दाबायचे एवढाच प्रश्न. आपल्या गल्लीत दोन मुली दोरीची दोन टोके धरून फिरवतात आणि बाकीच्या मध्ये शिरून उड्या मारतात, तोच हा खेळ. फक्त अंगणातून पडद्यावर गेलेला.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे वळू. डोळ्याला काही दिसले आणि हाताने त्याला उत्तर दिले, या दोहोंमध्ये काळ जातो. पूर्वी विद्वानांना वाटे की हा काळ मोजताच येणार नाही, कारण मनाची आज्ञा तत्क्षणी पोहोचते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो समज मोडला. त्या तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २७ मीटर या वेगाने जातो, असे त्याला आढळले. म्हणजे धावत्या आगगाडीएवढाच वेग! पुढे १८६८ साली डोंडर्स या डच वैद्याने असे दाखवले, की एकाच खुणेला एकच उत्तर द्यायचे असेल तर माणसाला कमी वेळ लागतो. दोन खुणांतून निवड करायची असेल तर अधिक लागतो. विचार करण्याला वेळ लागतो आणि तो वेळ मोजता येतो, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली.

आजच्या मापाने सांगायचे तर निरोगी तरुण माणसाला दिवा लागलेला पाहून बटन दाबायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग किंवा थोडा अधिक वेळ लागतो. आवाज ऐकून दाबायला त्याहून थोडा कमी. याहून खाली फारसे जाता येत नाही. धावण्याच्या जागतिक शर्यतींत पिस्तुलाच्या आवाजानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जो हलतो, तो आवाज ऐकून हललाच नाही, आधीच निघाला, असे धरून त्याला दोष देतात. शरीराला याहून लवकर ऐकणे आणि निघणे जमत नाही, या ज्ञानावरच तो नियम उभा आहे.

आता हे माप दोरीला लावून पाहा. अंगणात पोरगी १० सेंटिमीटर उंच उडते तेव्हा ती हवेत पाव सेकंदाहून थोडाच अधिक वेळ असते. उडी तिप्पट उंच, म्हणजे ३० सेंटिमीटर केली, तरी हवेतला वेळ दुप्पटही होत नाही. तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास भरतो. दोरी सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला अर्धा सेकंद. दोरी खाली येताना दिसली, मग मेंदूने आज्ञा केली, मग गुडघे वाकले, मग पाय सुटले, असा क्रम धरला तर पाय सुटेपर्यंत दोरी घोट्यावर बसलेली असते. तात्पर्य, उडीचा निर्णय दोरी डोक्यावर असतानाच व्हावा लागतो. पडद्यावरच्या खेळात गुडघे वाकवायचे नसतात, पण तेथे टीव्हीचा स्वतःचा उशीर असतो. यंत्राने पाठवलेले चित्र पडद्यावर उमटायला थोडा काळ जातो, आणि आपण पाहतो ती दोरी किंचित शिळी झालेली असते. जो पाहून दाबतो तो मागेच राहणार. त्या मुलीचे म्हणणे शास्त्राला धरून होते.

मग मोजल्याने काय होते? मोजणारा माणूस दोरीची वाट पाहत नाही. दोरी पुन्हा केव्हा येणार हे तो आधीच धरून चालतो. एकसारखा ठोका वाजत असेल आणि माणसाला त्याबरोबर बोटाने टिचकी मारायला सांगितले, तर बहुतेकांची टिचकी ठोक्याच्या नंतर नव्हे, ठोक्याच्या किंचित आधी पडते, असे प्रयोगांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. हात ठोक्याला उत्तर देत नसतो; तो ठोक्याला भेटायला निघालेला असतो. ज्याला आपण वेळ साधणे म्हणतो ते चपळाईचे काम थोडे आणि अंदाजाचे फार. आणि अंदाजाला एकच गोष्ट लागते: ठोका नियमित पाहिजे, किंवा तो बदलणार असेल तर बदलाची खूण आधी मिळाली पाहिजे.

हे ज्ञान आपल्या लोकांना प्रयोगशाळेवाचून होते. आमच्या भागात कापसाच्या गाठी उचलणारे हमाल पाहा. एक गाठ १७० किलोची. ती एकट्याच्या बळाने हलत नाही. चौघे जण चार कोपऱ्यांना लागतात, एक जण आरोळी देतो आणि आरोळीच्या शेवटच्या अक्षरावर चौघांचा जोर एकदम पडतो. आरोळीत अर्थ फारसा नसतो, पण ती नसेल तर एकाचा जोर आधी, दुसऱ्याचा नंतर, आणि तिसऱ्याची कंबर कायमची जाते. जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघी ओवी म्हणत, तेव्हा खुंट्यावरचे दोघींचे हात तिच्याच चालीवर फिरत. लेझीम, झिम्मा, फुगडी, सर्वांचे मर्म हेच. तेथे ठोका सर्वांना ऐकू येतो, आणि तो सर्वांनी मिळून ठरवलेला असतो.

आपल्या मातीतला वेळेचा खरा खेळ मात्र खो-खो. आठ गडी एका ओळीत, आळीपाळीने उलटसुलट दिशांना तोंडे करून बसतात, आणि नववा पाठलाग करतो. पळणाऱ्याला ओळीतून वाटेल तसे आरपार जाता येते. पाठलाग करणाऱ्याला ओळ ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशाही मध्येच बदलता येत नाही. त्याच्या हाती एकच उपाय: बसलेल्या गड्याला पाठीमागून हात लावून ‘खो’ म्हणायचे. हात लागणे आणि शब्द उच्चारणे एकाच वेळी व्हायला हवे. बसलेल्याने खो मिळण्याआधी जागा सोडली तर तो नियमभंग. आणि खो मिळाल्यावर क्षणभर रेंगाळला तर पळणारा निसटला. अशा रीतीने हा खेळ वेगाचा दिसतो, पण तो जिंकला जातो तो खो केव्हा द्यावा या एका प्रश्नावर.

या खेळाला आमच्या विदर्भात मोठी परंपरा आहे. शेजारच्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून विजयी झाले. दोन्ही संघांचे कर्णधारपद महाराष्ट्राकडेच होते, पुरुषांचे प्रतीक वाईकर यांच्याकडे आणि महिलांचे प्रियांका इंगळे यांच्याकडे. ज्या खेळाला कधी चटई लागली नाही की साहित्य लागले नाही, तो आता दिव्यांच्या झगमगाटात चटईवर खेळला जातो, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण खो-खोच्या नियमांतली एक गोष्ट आम्हांला त्याहून मोलाची वाटते. पारंपरिक खेळात डाव नऊ मिनिटांचा. नऊ मिनिटे संपली की थांबायचे, दम घ्यायचा आणि बाजू बदलायची. जो पाठलाग करत होता तो आता पळणार. जो पळत होता तो आता पाठलाग करणार. गल्लीतल्या दोरीचाही नियम हाच. जी बाद होते ती जाऊन दोरीचे टोक धरते आणि जिने टोक धरले होते ती उड्या मारायला येते. दोरी फिरवणारीला उडी म्हणजे काय हे ठाऊक असते, कारण घटकाभरापूर्वी तीच उड्या मारत होती आणि घटकाभराने पुन्हा मारणार आहे. म्हणून वेग वाढवायचा झाला तरी ती हाक घालून वाढवते.

आता त्या जुन्या चुकीकडे येतो.

पंचवीस-एक वर्षांमागची गोष्ट. गावाचे आणि कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेव्हा तसे कारखाने पुष्कळ होते. तेथे पावर प्रेसवर पत्र्याचे तुकडे कापले जात. डाव्या हाताने तुकडा डायवर ठेवायचा, पायाने पायडल दाबायचे, वरून ठोका पडायचा, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. आमचा एक सोबती त्या यंत्रावर होता. कामात पक्का. त्या आठवड्यात मागणी वाढली म्हणून ठोक्यांची संख्या वाढवली होती, आणि त्या दिवशी बदली कामगार आला नाही म्हणून त्याला डबल पाळी लागली होती. दुसऱ्या पाळीच्या शेवटच्या तासाला त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे डायखाली गेली.

चौकशीचा कागद तयार झाला. त्यावर लिहिले होते, की कामगाराचे लक्ष नव्हते, त्याची वेळ चुकली. संघटनेचा प्रतिनिधी म्हणून त्या कागदावर आमची सही घेतली आणि आम्ही ती दिली. आम्हांला तेव्हा ते खरेच वाटले. आम्ही स्वतः त्या यंत्रावर काम केले होते आणि आमची बोटे शाबूत होती. तेव्हा ज्याची गेली त्याचेच चुकले असणार, असा आमचा सरळ हिशेब. तो सोबती आम्हांला एका शब्दाने बोलला नाही. त्या सहीचा अर्थ पुरता उलगडायला मात्र शेजारच्या पोरांची दोरी यावी लागली.

दिवाळीच्या त्या रात्री घरी येऊन आम्ही कागद घेतला आणि पोरांच्या खेळाचा हिशेब मांडला. समजा, चौघे खेळत आहेत आणि प्रत्येक जण इतका तरबेज आहे, की शंभर उड्यांत त्याची एकच चुकते. वीस फेरे झाले तर चौघांच्या मिळून ऐंशी उड्या होतात. ऐंशीच्या ऐंशी बिनचूक पार पडण्याचा संभव निम्म्याहूनही कमी निघतो. चौघांत कोणी आळशी नाही, कोणी वेंधळा नाही. तरी कोणी ना कोणी बाद होण्याचा संभव न होण्याहून अधिक.

मग तोच हिशेब प्रेसला लावला. मिनिटाला साडेबारा ठोके धरले तर आठ तासांत सहा हजार ठोके होतात. समजा, आमचा सोबती शंभरात नव्हे, दहा हजारांत एकदाच चुकत होता. इतका बिनचूक माणूस सापडणे कठीण. तरीही सरासरीने दोन पाळ्यांत एकदा त्याची वेळ चुकणारच. ही चूक लक्ष नसल्याची नव्हे, ही संख्येची आहे. आणि हा हिशेब ताज्या माणसाचा झाला. झोपेला मुकलेल्या माणसाचे उत्तर उशिरा येते, आणि एवढेच नव्हे, ते कधी वेळेवर तर कधी फार उशिरा असे अनियमित येते. त्याच्या हाताला ठोक्याचा जो अंदाज असतो तोच मोडतो. त्यात ठोक्याचा वेग बदललेला. मग चुकलेल्या प्रत्येक ठोक्याखाली बोटे असलीच पाहिजेत असे नाही, पण एखाद्या दिवशी ती असणार. प्रश्न फक्त कोणाची आणि कोणत्या दिवशी, एवढाच.

म्हणून जाणते यंत्रकार माणसाच्या वेळेवर भरवसा ठेवत नाहीत. चांगल्या प्रेसला पायडलऐवजी दोन बटने असतात, एकमेकांपासून दूर, आणि दोन्ही हातांनी ती बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच ठोका पडतो. दोन्ही हात बटनांवर असले म्हणजे ते डायखाली असू शकत नाहीत. एकदम दाबण्याची अट का? कारण घाईत असलेला माणूस एक बटन पट्टीने बांधून ठेवतो आणि एक हात मोकळा करून घेतो, हे कारखान्यात वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ही बटने डायपासून किती दूर असावीत, याचाही हिशेब आहे. हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे जातो असे धरतात. प्रेस थांबायला ०.३ सेकंद लागत असतील तर बटन निदान ४८ सेंटिमीटर दूर हवे. दोरीचा आणि उडीचा जो हिशेब, तोच हा. फक्त येथे तो माणसाच्या बाजूने केलेला आहे. आमच्या सोबत्याच्या यंत्राला ही बटने नव्हती. त्या कागदावर हे वाक्य असायला हवे होते आणि ते घालायला लावणे हे आमचे काम होते.

वेग कोणी ठरवायचा, हा वाद कामगार चळवळीइतकाच जुना आहे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या हजारो सह्यांचा अर्ज केला. त्यात आठवड्याची सुट्टी होती, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी ही मागणीही होती. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम न घेता मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असे ठरवले, त्याच्या मागे या अर्जापासूनची वाट आहे. मालकाने दिलेली दया म्हणून त्या अर्ध्या तासाकडे पाहू नये. हाताचा अंदाज पुन्हा ठिकाणावर यायला लागणारा तो काळ आहे.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या इंजिनियरने कामगाराच्या प्रत्येक हालचालीवर घड्याळ लावून कामाचा वेग ठरवण्याची पद्धत काढली. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १९११ सालचा. त्याच वर्षी वॉटरटाउन येथल्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी, आमच्या अंगावर घड्याळ लावू देणार नाही, म्हणून काम बंद केले. प्रकरण कायदेमंडळापर्यंत गेले, आणि तेथल्या सरकारी लष्करी कारखान्यांत हे घड्याळ लावण्यावर बंधन आले, ते १९४९ पर्यंत टिकले. आपल्याकडे मुंबईत १९२८ साली सुमारे सहा महिने गिरण्या बंद होत्या. त्या संपाच्या मुळाशीही, एका माणसाने पूर्वीपेक्षा अधिक साचे आणि अधिक चात्या सांभाळाव्यात, हीच योजना होती. एक साचा वाढला म्हणजे विणकराचे डोळे आणि पाय यांच्यावर एक जादा दोरी फिरू लागली, असे समजा.

वेगाच्या आम्ही विरोधात आहोत, असा याचा अर्थ कोणी करू नये. दोरी हळूहळू वेगात आली नाही तर त्या खेळात गंमत कसली? वेग वाढतो, एकेक जण बाद होतो, सर्व हसतात आणि पुन्हा नवा डाव मांडतात. बाद झालेल्याला नवा डाव मिळतो, म्हणूनच तो खेळ. कारखान्यात बोटे पुन्हा मिळत नाहीत.

आणि खेळातसुद्धा शरीराची मर्यादा विसरली की काय होते, त्याचा दाखला याच ‘मारिओ पार्टी’ने दिला आहे. तिच्या पहिल्या आवृत्तीत काही छोटे खेळ असे होते, की त्यांत हातातल्या यंत्राची दांडी होईल तितक्या वेगाने गरगर फिरवावी लागे. पोरे जिंकण्याच्या भरात ती तळहाताने घासून फिरवू लागली आणि हातांना फोड आले, कातडी गेली. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी वकिलाकडे तक्रारी गेल्या, आणि २००० साली कंपनीने अमेरिकेतल्या खेळाडूंना संरक्षक हातमोजे देण्याचे कबूल केले. खेळणाऱ्या पोरांना कोणी म्हटले नाही, की तुम्हीच जपून का नाही फिरवली? खेळाची रचनाच अशी आहे की हात सोलणार, हे मान्य झाले. ही बातमी वाचताना आम्हांला आमच्या सोबत्याचा डावा हात आठवला. खेळण्याच्या बाबतीत जो न्याय लोकांना सहज पटला, तो यंत्राच्या बाबतीत आम्हांला, संघटनेच्या माणसाला, स्वतःहून सुचला नव्हता.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच आहे. वेळ साधणे हा एकट्या माणसाचा गुण नाही. तो माणूस, ठोका आणि ठोका ठरवणारा यांच्यातला करार आहे. म्हणून कोणाची वेळ चुकली असे म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ठोका नियमित होता का, आणि बदलला असेल तर आधी हाक मिळाली होती का? तो किती वेळ सलग चालला होता? आणि ज्याने तो ठरवला, त्याने स्वतः त्या दोरीवर कधी उडी मारली होती का? हे प्रश्न कारखान्यापुरते नाहीत. वीस मिनिटांत डबा पोहोचवण्यासाठी सिग्नल तोडणारा पोरगा मोटारीखाली येतो तेव्हा, रात्रीची दुसरी फेरी करणाऱ्या एस.टी. चालकाला डुलकी लागते तेव्हा, आपण वर्तमानपत्र वाचून सहज म्हणतो, की त्याचेच लक्ष नव्हते. आपणही त्या कागदावर सही करत असतो.

त्या सोबत्याला आम्ही या व्याख्यानाआधी जाऊन भेटलो. हा सगळा हिशेब त्याला कागदावर दाखवला आणि सहीबद्दल जे बोलायचे होते ते बोललो. त्याने कागद उजव्या हातात धरून शेवटपर्यंत वाचला. म्हणाला, “बरोबर आहे भाऊ. पण हे तवा लिहाले पाहिजे होतं.” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

निघताना त्याच्या गल्लीत पोरी दोरी खेळत होत्या. एकीचा लहान भाऊ मध्ये घुसला आणि मलाही घ्या म्हणून रडू लागला. टोक धरलेल्या पोरीने दुसरीला हाक दिली, “हळू फिरव गं, बारका आहे.” दोरी हळू झाली. पोरगा दोन उड्या मारून बाहेर आला, आणि दोरीने पुन्हा आपला वेग धरला.